मखमलीला नुसती वाफ

माझ्या मावशीच्या हातात कुठलाही कपडा द्या, ती तो आधी बोटांच्या पाठीनं चाचपते. तळव्यानं नाही. तळव्याला सगळंच ओलं वाटतं, असं तिचं म्हणणं. मग निकाल देते, "सर्द आहे अजून," नाहीतर, "हा पार वाळलाय, आता इस्त्रीला ऐकायचा नाही." एकदा माझ्या नव्या कोऱ्या कोटाची बाही अशी चाचपून तिनं तो दुकानदाराला भर दुकानात परत घ्यायला लावला होता. मी स्वतः चपलांच्या दुकानात काम करते, त्यामुळे माझी काय शोभा झाली ते विचारू नका.

उभं आयुष्य तिनं एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत इस्त्री केली. हॉटेलच्या पुढच्या बाजूला संगमरवर आणि दिवे, मागच्या बाजूला मावशी. लांबट खोली, छताखालून जाणारे वाफेचे नळ, चादरींचे ढीग आणि एकच खिडकी, तीही समोरच्या भिंतीकडे तोंड करून. तिथल्या वाफेनं मावशीच्या चेहऱ्यावर या वयातही सुरकुती पडू दिली नाही, पण उभं राहून राहून गुडघे मात्र कामातून गेले. "वरच्या मजल्याचं भाडं खालच्या मजल्यानं भरलं," असं ती सांगते आणि वर स्वतःच हसते.

मखमल आली की ती मावशीकडेच यायची, कारण बाकीच्या बायका तिला हात लावायला घाबरायच्या. "मखमलीवर इस्त्री टेकवली की खेळ खलास," मावशी म्हणायची. "लव एकदा चेपली की जन्मात उठत नाही. उलट बाजूनं, लांबून नुसती वाफ द्यायची आणि हात काढून घ्यायचा. पुढचं तिचं ती बघते." ही खरं तर नोकरीतली अक्कल, पण मावशीनं ती घरी आणली आणि माणसांना लावली. नवरा लवकर गेला, मुलाला एकटीनं वाढवलं, पण त्याला कधी 'कुठे होतास' नाही की 'काय ठरवलंस' नाही. माझी आई नेमकी उलटी. ती माणसांवर इस्त्री टेकवायची आणि वर जोरही द्यायची. मी आईवर गेले आहे.

एका झाडाचं वेडही मावशीला मखमलीपायीच लागलं. हॉटेलात वर्षभर मुक्कामाला असलेल्या एका बाईनं जायच्या आधी आपला मखमली कोट तिच्याकडे वाफेला दिला होता. तो घ्यायला ती आली तेव्हा तिच्या हातात एक कुंडी होती. प्रवासात नेता येत नव्हती. "तुम्हाला मखमल कळते, ही तुम्हीच ठेवा," म्हणाली. पानं जवळजवळ काळी, उजेडात धरली की आतून जांभळट लाल, आणि देठापासून टोकापर्यंत बारीक लाल रेघा, कुणी रेशमाचा एकेक धागा ओढून बसवावा तशा. मावशीनं सवयीनं पान बोटांच्या पाठीनं चाचपलं आणि ती गारच पडली. कपड्याबाहेर मखमल असू शकते हे तिला तोवर माहीतच नव्हतं.

बाईनं नाव सांगितलं, ज्वेल ऑर्किड, दागिन्यासारखं पान म्हणून. आणि एक ताकीद दिली. "फूल येऊ देऊ नका. दांडा दिसला की खुडून टाका. हे पानांसाठी लावायचं झाड. फुलाच्या नादी लागलं की पानं जीव सोडतात." मावशीला नाव काही लक्षात राहिलं नाही, ताकीद राहिली. झाड आमच्या घरात 'मखमल' म्हणूनच वाढलं.

लाँड्रीतल्या त्या आंधळ्या खिडकीत मखमल अशी काही फोफावली की विचारू नका. ऊन सोसत नाही तिला, नुसता उजेड आणि दमट हवा हवी, आणि तिथे दोन्ही आयतं होतं. जाडसर, पेरापेरांचे दांडे कुंडीबाहेर सरपटत यायचे. जरा धक्का लागला की पेरावर मोडायचे, आणि मोडलेला तुकडा ओल्या शेवाळावर ठेवला की महिन्या-दीड महिन्यात मूळ धरायचा. पुढे हॉटेलनं लाँड्री बंद करून कपडे बाहेर धुवायला द्यायला सुरुवात केली, तेव्हा मावशी निरोपाचं घड्याळ आणि कुंड्या घेऊन आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आली. स्वयंपाकघराच्या खिडकीत कुंड्या, शेजारी शेगडीवर किटली. दिवसातून चारदा पाणी उकळायचं. तिच्याकडे चहा झाडांसाठी होतो, आपल्याला उरलेल्या पाण्याचा मिळतो.

थंडीत दांडा वर आला रे आला की ती नखानं खुडायची. मी एकदा म्हटलं, "अगं, एकदा बघ तरी फूल कसं असतं." तर म्हणाली, "बघायच्या हौसेपायी झाड घालवू का?"

घरात कुणाचं लग्न झालं, कुणी नवं घर केलं, की मावशीकडून एक फांदी. देताना सांगायची, "शेवाळ इस्त्रीच्या कपड्याइतकं सर्द ठेव. ओलं नाही, कोरडं नाही." आणि मग ती फांदीबद्दल अवाक्षर काढायची नाही. जगली का, वाढली का, कधीच विचारायची नाही. विचारलं की माणसाला ओझं होतं, म्हणे. माझी फांदी मी ऊन चांगलं म्हणून गच्चीत ठेवली आणि आठवड्यात तिचा पापड केला. मावशी घरी आली की मी गच्चीचं दार ओढून घ्यायचे आणि ती बिचारी त्या दाराकडे बघायचीसुद्धा नाही.

आता वहिनीबद्दल. मावशीचा मुलगा, माझा दादा, लिफ्ट दुरुस्त करतो. वहिनी दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवते. दुसऱ्यांची तोंडं भरते आणि स्वतःचं उघडत नाही, असं मी तिच्याबद्दल चारचौघांत म्हणत असे. घरात आली की शांत बसणार, विचारलं तेवढ्याचं उत्तर देणार, कप विसळून ठेवणार आणि निघणार. भांडण म्हणाल तर एकदाही नाही. भांडण झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. लग्नात मावशीनं तिलाही फांदी दिली होती. त्या फांदीचं पुढे काय झालं ते कुणाला ठाऊक नव्हतं. मावशी त्यांच्याकडे गेली तरी बाहेरच्या खोलीत बसायची. सुनेच्या खोलीत सासूनं डोकावू नये, हा आणखी एक तिचा स्वतःचाच कायदा.

गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की यापुढे तिसरा मजला विसरा. दादा तर कधीपासून मागे लागला होता, आई, आमच्याकडे चल, आमच्याकडे लिफ्ट आहे. लिफ्टचं कौतुक त्याला बायकोपेक्षा जास्त. मावशी नुसतं "बघू" म्हणायची. आणि एके दिवशी मला कळलं की तिनं जुन्या लाँड्रीच्या गल्लीत तळमजल्यावरची एक मागची खोली बघून ठेवली आहे. मी जाऊन बघितली. भिंतीला ओल, खिडकी एवढीशी, दिवसा दिवा लावावा लागेल अशी.

"मुलाचं घर असताना तू त्या बिळात जाणार?" मी तडकलेच.

"घर तिचंही आहे," मावशी म्हणाली. "तो म्हणतो, ते मुलगा म्हणून. तिनं एकदा आपल्या तोंडानं 'या' म्हणायला हवं. नाही म्हणाली तर तिचंही काही चूक नाही."

"मग मी सांगते तिला."

"खबरदार. सांगून म्हणवून घेतलेलं 'या' मला नकोय. माझी शपथ आहे तुला."

म्हणजे सगळं वहिनीच्या एका शब्दावर येऊन अडलं होतं आणि शब्द ही वहिनीकडे सर्वांत टंचाईची वस्तू. शपथेपायी मी मूग गिळून बसले. माझ्या आयुष्यात एवढी शिस्त मी कधी पाळलेली नाही.

दवाखान्यात जाताना मावशीनं घराच्या किल्ल्या तिघांना दिल्या. दादाला, मला आणि खालच्या मजल्यावरच्या बँडवाल्या काकांना, जे आता कर्णा वाजवत नाहीत पण बोलतात त्याच आवाजात. झाडांसाठी तिनं एकच सूचना केली. "त्यांना काही करायचं नाही. आता भरपूर सर्द आहेत. नुसतं बघा." वहिनीलाही किल्ली देत होती, पण ती म्हणाली, "नको, मी येऊन काय करू?" मला ते इतकं झोंबलं की मी दिवसभर धुमसत होते.

ऑपरेशन नीट झालं, पण चालायचा सराव करायला तिला तिथेच आणखी तीन-चार आठवडे ठेवून घेतलं. इकडे मी दुकानातून येता-जाता मखमलीकडे बघत होते. आता आमच्या घराण्यात 'नुसतं बघणं' कुणाला येतं? मावशीला येतं, तेवढंच. मला वाटलं, दादाला कुठलं भान, काकांना कुठलं दिसतंय, बिचारी झाडं तहानेनं मरायची. मी थोडं पाणी घातलं. थोडंसंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडंसं.

एका सकाळी मी दार उघडते तर आत काका, हातात तांब्या. "मी आपला घोटभर घालतो रोज," ते ओशाळून म्हणाले, तेही अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. आम्ही बोलतोय तोच मागून दादा आला, हातात पाण्याची बाटली. मग मी कुंडीतला एक दांडा हळूच उचलला आणि तो माझ्या हातात आला. खालून पिवळा, लिबलिबीत, कुजका वास मारणारा. दुसरा उचलला, तोही तसाच. पानं वरून अजून मखमली दिसत होती, पण बोट लावलं की गळत होती. काचेच्या बरणीत मावशीनं एक सोनेरी रेघांचं नाजूक झाडही जपलं होतं, त्याचा तर नुसता चिखल झाला होता. टोकाचा एक तुकडासुद्धा धड राहिला नव्हता.

मुलगा वेगळा राहायला गेल्यावर, काम सुटल्यावर मावशीजवळ तेवढंच होतं, आणि आम्ही तिघांनी मायेनं ते बुडवलं होतं.

"सांगायचं नाही," दादा म्हणाला. "तशीच आणून ठेवू." काम सोडून तो दोन दिवस रोपवाटिका पालथ्या घालत फिरला. खिशात एक उरलेलं पान, ते प्रत्येकाला दाखवायचा. कुणी वांग्याचं रोप काढून दिलं, कुणी सरळ हसलं. दुसऱ्या संध्याकाळी मी त्याच्या घरी बसले होते तेव्हा तो दमून आला आणि पान टेबलावर टाकून म्हणाला, "हे झाड या अख्ख्या शहरात नाही."

वहिनी हात पुसत आली. तिनं पान उचललं, उलटं केलं, काही न बोलता आत गेली आणि बाहेर आली ती दोन्ही हातांत एक रुंद पसरट कुंडी घेऊन. मखमल कुंडीच्या काठावरून चहूकडे ओसंडत होती. आणि तिच्यातून पाच-सहा दांडे सरळ वर आलेले, प्रत्येकावर पांढऱ्या चिमुकल्या फुलांची रांग.

दादा बघतच राहिला. "हे तर आपल्या खोलीतल्या बाथरूमच्या खिडकीतलं झाड!"

"हो," वहिनी म्हणाली.

"मी रोज दात घासताना बघतो हे!"

"बघत असता," वहिनी म्हणाली. त्या घरात मी पहिल्यांदाच मोठ्यांदा हसले.

दादाला मात्र एकदम हुरूप आला. "सुटलो! हेच नेऊन ठेवू. आईला कळणारसुद्धा नाही. फक्त ही फुलं तेवढी कापून टाकू, ती कधी येऊ देत नाही." त्यानं कात्री उचललीसुद्धा. वहिनीनं कुंडी छातीशी ओढली.

"फुलांना हात लावायचा नाही," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण दादानं कात्री खाली ठेवली. "त्यांची झाडं गेली, हे त्यांना सांगायचं. मी सांगते. त्यांना फसवायला माझं झाड मी देणार नाही."

इतकी वाक्यं मी तिच्या तोंडून सलग ऐकली नव्हती. मी इतकी वर्षं तिला काय काय म्हणत आले ते आठवून मला कानकोंडं झालं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. मावशी खिडकीशी खुर्चीत बसली होती, शेजारी चालायची काठी. वहिनीनं कागदात गुंडाळलेली कुंडी खाली ठेवली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "आई, तुमची झाडं गेली. पाणी जास्त झालं."

"कुणी घातलं?"

दादा आणि मी शाळेतल्यासारखे उभे. "आम्ही दोघांनी," मी म्हटलं, "आणि बँडवाल्या काकांनी. एकमेकांना न सांगता."

"तिघांनी?" मावशी म्हणाली. "माझ्या माघारी फारच माया उतू गेली म्हणायची." ती हसायला गेली, पण हसू काही पुरतं आलं नाही. "सगळी?"

"सगळी," वहिनी म्हणाली.

मावशीचा हात मांडीवरच्या पांघरुणाची घडी पुन्हा पुन्हा सारखी करत होता. मला वाटलं, तिनं आम्हाला चार शिव्या घालाव्यात. मग वहिनीनं कागद सोडला आणि कुंडी तिच्या पुढ्यातल्या टेबलावर ठेवली.

मावशीनं आधी बोटांच्या पाठीनं पान चाचपलं. मग तेच बोट शेवाळाला लावलं. "सर्द आहे," ती पुटपुटली. "बरोब्बर." आणि मग तिनं वर बघितलं, फुलांकडे. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. पांढरं एवढंसं फूल, मध्ये पिवळा ठिपका, मान जराशी एका बाजूला मुरडलेली.

"असं असतं होय गं हिचं फूल," ती म्हणाली. "पण पानं जीव सोडतात ना?"

"नाही सोडत. ज्या दांड्याला फूल येतं तो तेवढा पुढे वाढायचा थांबतो. मग त्याच्या बुडाशी दोन नवे फुटतात. दरवर्षी बघते मी."

"दरवर्षी! आणि इतक्या वर्षांत एक शब्द बोलली नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलं नाहीत. मला वाटलं, द्यायची म्हणून दिलीत आणि विसरलात."

"मला वाटलं, मेली असेल. विचारून तुला खजील कशाला करायचं?"

एवढ्या वर्षांची ती लांबून दिलेली वाफ, आणि पलीकडे कुणी उभं आहे हे दोघींनाही कळलं नव्हतं. मला रडू आलं. दादानं आपलं लक्ष नाही असं दाखवत काठीचे स्क्रू तपासायला घेतले.

आजवर मावशीनं कुणाकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. "मला हिची एक फांदी देशील?" ती म्हणाली. "त्या मागच्या खोलीत ठेवीन. उजेड कमी आहे तिथे, पण हिला चालतो."

"नाही," वहिनी म्हणाली.

दादाचा हात काठीवरच थांबला.

"फांदी मी मोडणार नाही. झाड घरी आहे, घरीच राहील. तुम्हाला बघायचं असेल तर तुम्ही तिकडे यायचं. पाहुण्यासारखं नाही, राहायला." तिचे कान लाल झाले होते. "मी आधीच म्हणणार होते. पण मी म्हटलं असतं तर तुम्हाला नाही म्हणता आलं नसतं. आता सरळच म्हणते. तुम्हाला नको असेल तर तुम्हीही सरळ नाही म्हणा."

मावशीनं माझ्याकडे डोळे वटारून बघितलं. मी जोरजोरात मान हलवली, नाही, मी नाही काही सांगितलं, तुझी शपथ. ते खरं होतं आणि ते तिला पटलं, कारण माझ्या तोंडावरचं खोटं तिला लांबूनही कळतं.

बराच वेळ ती पानांवरून बोटांची पाठ फिरवत राहिली.

"तुमची ती बाथरूमची खिडकी," शेवटी ती म्हणाली, "कुठल्या दिशेला आहे गं?"

"उत्तरेला. ऊन येत नाही तिथे."

"मग ठीक आहे," मावशी म्हणाली. "आम्हा दोघींना सोसेल."